शेवटच्या इनिंगची खुर्ची

ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, गेली नऊ वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. ऑफिसात आमची बारा जणांची फॅन्टसी बेसबॉल लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ बांधायचे आणि त्यांच्या आकड्यांवर जिंकायचं-हरायचं. २६० डॉलरचा लिलाव, गुण मोजायला आकड्यांचे पाच प्रकार बॅटिंगचे, पाच पिचिंगचे (म्हणजे गोलंदाजीचे), आणि दरवर्षी चार खेळाडू जुन्याच भावात ठेवायची मुभा. माझा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) मला ६ डॉलरला पडलाय, तो मी ठेवणारच होतो. तेवढ्यात त्याच्या संघानं दुसऱ्या एका नावाजलेल्या क्लोजरला मोठा करार देऊन आणलं. बातमी येऊन तास झाला नाही तोच लीगमधल्या एकाचा मेसेज: "तुझा तो आता काही कामाचा नाही, मला देऊन टाक, बदल्यात एक स्टार्टर देतो." (स्टार्टर म्हणजे सामना सुरू करणारा पिचर.) शिवाय माझा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा) यंदा ज्या संघात गेलाय, त्यांचं मैदान होमरनला (आपल्या षटकारासारखा फटका) वाईट म्हणतात. त्यालाही सोडू का? बायको म्हणते, बाहेर बर्फ पडतोय आणि हा माणूस बेसबॉलची काळजी करतोय.
– गोंधळलेला मालक

गोंधळलेले मालक, नमस्कार.

बायकोचं म्हणणं अगदी खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मैदानावरचा मोसम मार्चअखेर सुरू होतो, पण आपल्यासारख्यांचा डिसेंबरातच, सगळ्या संघांचे कारभारी आणि एजंट एका हॉटेलात जमतात त्या आठवड्यापासून. तुम्ही खेळाडूंची नावं कळवली होती, ती मी गाळली. तुमच्या लीगमध्ये आणखी दोघं मराठी आहेत असं तुम्हीच लिहिलंय. उगाच त्यांची सोय कशाला?

आधी क्लोजरचं बघू, कारण घाई तिथं आहे.

सेव्ह ही या खेळातली सगळ्यात चमत्कारिक कमाई. संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना शेवटची, म्हणजे नववी इनिंग टाकायला यायचं, तिघांना बाद करायचं, आघाडी टिकवायची, झाली सेव्ह. त्याच्या आधी आठव्या इनिंगमध्ये दुसऱ्या कुणी समोरच्या संघाचे सगळ्यात खतरनाक तीन बॅटर गुंडाळले असतील, तरी त्याच्या खात्यात सेव्ह शून्य. क्रिकेटमध्ये अठराव्या षटकातली विकेट आणि विसाव्या षटकातली विकेट एकाच भावाची. इथं तसं नाही. म्हणून बॅटर संघ बदलतो तेव्हा आपली बॅट बरोबर घेऊन जातो. क्लोजरच्या सेव्ह मात्र खुर्चीला चिकटलेल्या असतात, आणि खुर्ची संघात एकच.

जानेवारी २०२४ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनी जॉश हेडरला पाच वर्षांसाठी ९.५ कोटी डॉलर दिले. त्या खुर्चीवर आधीपासून रायन प्रेस्ली बसलेला होता. साधासुधा नव्हे. ह्यूस्टननं २०२२ ची वर्ल्ड सीरिज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकली तेव्हा शेवटचा बॅटर त्यानंच बाद केला होता, आणि २०२३ मध्ये त्याच्या ३१ सेव्ह होत्या. हेडर आल्यावर, २०२४ च्या अख्ख्या मोसमात, प्रेस्लीच्या सेव्ह किती? चार. माणूस तोच, संघ तोच, करारही तोच. फक्त नवव्याऐवजी आठव्या इनिंगला त्याचं बोलावणं यायला लागलं. ज्यांनी त्याला क्लोजर म्हणून धरून ठेवलं होतं त्यांचा एक सबंध प्रकार त्या एका बातमीनं झोपला.

इथपर्यंत तुम्हाला माहीत असेल. तुमच्या पत्रात जे नाही ते पुढे आहे. हेडर आला कुठून? सॅन डिएगो पाद्रेजकडून, २०२३ मध्ये ३३ सेव्ह करून. म्हणजे त्या हिवाळ्यात ह्यूस्टनमध्ये एका खुर्चीवर दोघं झाले आणि सॅन डिएगोत एक खुर्ची रिकामी पडली. तिच्यासाठी तीन नावं चर्चेत होती: जपानहून आणलेला युकी मात्सुई, कोरियाहून आणलेला वू-सुक गो, आणि आधीपासून संघातच असलेला रॉबर्ट सुआरेझ. नव्याचे नऊ दिवस, त्यामुळे बोलबाला बाहेरून आलेल्या दोघांचा होता. खुर्ची मिळाली सुआरेझला. २०२४ मध्ये ३६ सेव्ह, २०२५ मध्ये ४०. प्रेस्लीच्या नावानं रडत बसलेल्या मालकाला तोच करार नीट वाचला असता तर त्यातच भरपाई सापडली असती. मोठा करार झाला की मी आधी जाणाऱ्याचं जुनं घर बघते, नवं नंतर.

तेव्हा तुमचं पहिलं काम: हा जो नवा क्लोजर तुमच्या माणसाच्या डोक्यावर येऊन बसला, त्याच्या जुन्या संघात आता नववी इनिंग कोण टाकणार? गेल्या मोसमात आठवी कोण टाकत होता ते बघा, मॅनेजर डावखुऱ्याला शेवटी आणायला कचरतो का ते बघा, आणि संघाच्या तिजोरीत दुसरा क्लोजर विकत घ्यायला पैसे उरलेत का तेही बघा. लिलावात हा माणूस एक-दोन डॉलरला मिळण्याची शक्यता डिसेंबरातच जास्त असते. मार्चमध्ये सगळेच शहाणे झालेले असतात.

करार मोठा म्हणून खुर्ची पक्की, असंही धरून चालू नका. लॉस एंजेलिस डॉजर्सनी जानेवारी २०२५ मध्ये टॅनर स्कॉटला चार वर्षांचे ७.२ कोटी डॉलर दिले. त्या वर्षी त्यानं २३ सेव्ह केल्या आणि दहा घालवल्या. ऑक्टोबरात, बाद फेरीच्या खऱ्या कसोटीच्या वेळी, शेवटची इनिंग टाकायला येत होता रोकी सासाकी, जो मुळात स्टार्टर म्हणून जपानहून आलेला पोरगा. आणि त्याच वर्षी डिसेंबरात डॉजर्सनी एडविन दियाझला आणलं. म्हणजे वर्षभरापूर्वी स्कॉटमुळे दुसऱ्यांची जी अवस्था झाली, तीच स्कॉटची. सासूचे चार दिवस, सुनेचे चार दिवस.

आता तो मेसेज. मला तुमच्या पत्रातला सगळ्यात रंजक भाग तोच वाटला. एका तासात निरोप आला! माणूस खरंच कामाचा नसता, तर तासाभरात कुणी स्टार्टर देऊ केला असता का? याची कारणं दोनच असू शकतात. एक तर तो नवा क्लोजर त्या गृहस्थाच्याच संघात आहे, आणि उद्या त्याचा खांदा दुखला तर खुर्चीवर पुन्हा कोण बसणार हे त्यानं ताडलंय. तुमचा माणूस त्याच्यासाठी विम्याची पॉलिसी आहे. तसं असेल तर या बारा जणांत तुमच्या क्लोजरला सगळ्यात जास्त किंमत देऊ शकणारा माणूस तोच. किंवा मग त्यानं असा हिशेब केलाय की उतरवलेला क्लोजर फार काळ आठव्या इनिंगला राहणार नाही, त्याला दुसरीकडे धाडतील. प्रेस्लीचं तेच झालं. जानेवारी २०२५ मध्ये त्याला शिकागो कब्जकडे पाठवलं, आणि तिथं मोसमाच्या सुरुवातीला तो पुन्हा क्लोजर होता. मे महिन्यात ती खुर्चीही गेली, पण ज्यानं त्याला एप्रिलमध्ये विकला त्याचं भलं झालं असणार.

तुमच्या लीगच्या पानावर जाऊन नवा क्लोजर कुणाकडे आहे एवढं आधी बघा. तासभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून तुम्ही काय करता, मला माहीत आहे.

६ डॉलरला तुमच्या क्लोजरला ठेवायचं का? नाही. पाच-पाच प्रकारांच्या लीगमध्ये आठवी इनिंग टाकणारा पिचर लिलावात एक डॉलरला पडलेला असतो, त्याच्यापायी चारपैकी एक जागा अडवू नका. पण ठेवायचं नाही म्हणजे आज सोडून द्यायचं, असं कुठं आहे? तुमची यादी द्यायची तारीख येईपर्यंत तो तुमचाच आहे. तोवर विकता आला तर विका, आणि देऊ केलेला स्टार्टर किती डॉलरचा आहे ते विचारल्याशिवाय हो म्हणू नका. जुन्या भावात ठेवायच्या लीगमध्ये २२ डॉलरचा चांगला पिचर आणि ४ डॉलरचा बरा पिचर, यात मी चार डॉलरवाला घेईन.

शॉर्टस्टॉपबद्दल मात्र तुम्ही उगाच घाबरलात असं वाटतं. मैदानाचा फरक पडतो, नाही असं नाही. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर आहे, हवा विरळ, मारलेला चेंडू लांब जातो आणि वळवलेला चेंडू कमी वळतो. यांकी स्टेडियमच्या उजव्या कोपऱ्यातली भिंत जेमतेम ३१४ फुटांवर, डावखुऱ्यांची चंगळ. सॅन फ्रान्सिस्कोला उलट: खाडीवरून गार वारा येतो, आणि उजवीकडे मधल्या भागात भिंत इतकी लांब गेलीय की इतरत्र जो होमरन झाला असता तो तिथं झेल होतो. बॅरी बाँड्सनं २००४ मध्ये ४५ होमरन मारले, त्यानंतर वीस मोसम जायंट्सच्या एकाही खेळाडूला तिशी गाठता आली नव्हती.

अशा ठिकाणी डिसेंबर २०२४ मध्ये विली अ‍ॅडॅमिस गेला, सात वर्षांसाठी १८.२ कोटी डॉलरवर. तोही शॉर्टस्टॉपच. मिलवॉकीत त्या वर्षी त्यानं ३२ होमरन, ११२ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) आणि २१ स्टील (चोरलेले बेस) अशी मजबूत कमाई केली होती. सगळे म्हणाले, संपला. जून उजाडला तरी त्याची सरासरी .२००च्या आसपास, म्हणजे दहा प्रयत्नांत जेमतेम दोन हिट, अशी रेंगाळत होती, तेव्हा कित्येक मालकांनी हात झटकले असतील. मोसम संपला तेव्हा होमरन तीस! बाँड्सनंतरचा पहिलाच. पण बाकीचं बघा. सरासरी .२२५, आरबीआय ८७, स्टील बारा. जिथं जाणार असं सगळे ओरडत होते तिथं काही गेलं नाही. जिकडे कुणाचं लक्ष नव्हतं तिथून गळती झाली. म्हणून माझा सल्ला असा की होमरनमधून दोन-तीन वजा करा, फार तर चार, आणि मग नव्या संघात तो कितव्या क्रमांकावर खेळणार आणि त्याच्या पुढे कोण असणार, हे शोधायला बसा. धावा आणि आरबीआय या शेजाऱ्यांवर अवलंबून असलेल्या गोष्टी आहेत.

शेजाऱ्यांवरून आठवलं. हुआन सोटो २०२४ मध्ये यांकीजकडे दुसऱ्या क्रमांकावर खेळायचा आणि त्याच्या मागे अ‍ॅरन जज. सोटो दहातल्या चार वेळांहून जास्त बेसवर पोचायचा, त्यामुळे जजच्या समोर कायम कुणीतरी उभा. जजचे त्या वर्षी १४४ आरबीआय झाले. मग सोटो मेट्सकडे गेला, पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरवर, आणि जगभर त्या आकड्याचीच चर्चा. २०२५ मध्ये जजनं .३३१ची सरासरी राखली, ५३ होमरन मारले, आणि आरबीआय झाले ११४. तीस कमी. सगळे सोटोच्या खात्यात घालता येणार नाहीत, पण जजवर सोटोसकटचा भाव लावलेल्याला ते टोचले असणार. खुद्द सोटोचं काय झालं? यांकी स्टेडियमची जवळची भिंत गेली म्हणून त्याचे होमरन कमी धरणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून ४३ मारले. आणि ज्यानं आयुष्यात कधी वर्षाला बारापेक्षा जास्त बेस चोरले नव्हते, त्यानं ३८ चोरले. हे कुणाच्याही तक्त्यात नव्हतं. माझ्या तर नव्हतंच.

त्या ७६.५ कोटींतला एक सेंटही तुमच्या २६० डॉलरमध्ये येत नाही, हेही एकदा मनाशी म्हणून ठेवा. दरवर्षी आमच्या लिलावात कुणीतरी करार वाचून बोली लावतो.

आणखी एक प्रकार तुमच्या पत्रात नाही, पण बॉस्टनच्या गोष्टीशिवाय मला राहवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेड सॉक्सनी अ‍ॅलेक्स ब्रेगमनला घेतलं. तो थर्ड बेसचा. तिथं आधी रफाएल डेव्हर्स उभा राहायचा, त्याला सांगितलं आता तू फक्त बॅटिंग कर. तो रुसला, मग नाइलाजानं तयार झाला. मे महिन्यात फर्स्ट बेसवाल्याचा गुडघा गेला, तेव्हा त्याला म्हणाले आता तिकडे उभा राहा. तो म्हणाला, नाही राहणार. १५ जूनला त्याला सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं. फॅन्टसीवाल्याच्या दृष्टीनं यातली मेख अशी की वर्षभरात तो थर्ड बेसवर एकदाही खेळला नाही. बहुतेक लीगमध्ये एखाद्या जागेवर ठरावीक सामने खेळल्याशिवाय पुढच्या वर्षी तिथं लावता येत नाही. म्हणजे ज्यानं 'थर्ड बेसची चिंता मिटली' म्हणून त्याला स्वस्तात धरून ठेवलं, त्याची चिंता ब्रेगमनच्या सहीबरोबरच परत आली. ब्रेगमन त्या मालकाच्या संघात नव्हताही! तुमच्या चौघांपैकी कुणाच्या जागेवर नवा माणूस आलाय का, एवढं एकदा तपासून घ्या.

पिचर उशिरा सही करत असेल तर त्याला पहिले दोन महिने दुरूनच नमस्कार. मार्च २०२४ मध्ये ब्लेक स्नेल आणि जॉर्डन मॉन्टगोमेरी दोघंही सराव जवळजवळ संपल्यावर संघात दाखल झाले. मॉन्टगोमेरीचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला) वर्षअखेर ६.२३. स्नेलचा पहिल्या सहा सामन्यांत साडेनऊच्या वर होता. ऑगस्टमध्ये मात्र त्यानं नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही, तोवर किती जणांनी त्याला सोडला असेल देव जाणे.

आणि बातमी नीट वाचा, ही सूचना मी मला स्वतःलाच करतेय. काही वर्षांमागे डिसेंबरात भाच्याच्या लग्नाला पुण्यात होते. हळदीचा कार्यक्रम, सगळीकडे गोंधळ, आणि फोन वाजला. हळदीच्या बोटांनी उघडला. एका फर्स्ट बेसवाल्याचं एका संघाशी बोलणं चालू आहे, अशी ओळ होती. मी 'बोलणं झालं' असं वाचलं, कारण मला तेच हवं होतं. तिथल्या तिथे, पाटावर बसलेल्या भाच्याच्या मागे उभी राहून, माझा तीन डॉलरचा पोरगा देऊन त्याला घेतला. चौथ्या दिवशी तो भलत्याच संघात गेला, जिथं त्याच्या जागेवर आधीच दोघं होते. फोनच्या कव्हरवरचा पिवळा डाग गेला नाही म्हणून शेवटी कव्हर बदललं.

बोलणं पक्कं झालं तरी थांबा. कार्लोस कोरेयाचं आठवत असेल. डिसेंबर २०२२ मध्ये जायंट्सशी तेरा वर्षांचं, ३५ कोटींचं ठरलं. वैद्यकीय तपासणीत मोडलं. मग मेट्सशी बारा वर्षांचं, ३१.५ कोटींचं ठरलं; तेही तपासणीत मोडलं. जानेवारीत पठ्ठ्या जुन्याच मिनेसोटा ट्विन्सकडे सहा वर्षांसाठी परत. साखरपुडे दोन आणि लग्न तिसरीकडेच. त्या चार आठवड्यांत ज्यांनी त्याच्यासाठी अदलाबदल केली असेल त्यांची मला दया येते.

तर आज काय करायचं. त्या सहकाऱ्याला उत्तर देऊ नका. दोन दिवस जाऊ द्या. त्याचा दुसरा मेसेज आला तर समजा माल त्याला खरंच हवाय. मग स्टार्टर नको म्हणा, आणि नव्या क्लोजरच्या जुन्या संघात आठवी इनिंग कोण टाकत होता हे शोधून ठेवलं असेलच, तो त्याच्याकडे असेल तर सहज बोलता बोलता मागा. शॉर्टस्टॉप किती डॉलरला पडलाय ते तुम्ही लिहिलंच नाही. दहाच्या आत असेल तर ठेवा. वीसच्या वर असेल तर लिलावात परत सोडा. मैदानाच्या भीतीनं बाकीचे अकरा जण बोली आखडती घेतील, तेव्हा स्वस्तात उचला. दहा ते वीसच्या मधे असेल तर पुन्हा पत्र लिहा, आणि या वेळी चारही नावं आणि भाव कळवा.

आणि अंगणातला बर्फ काढायचा राहिला असेल तर आधी तो काढा. बायकोशी बोलायला मग सोपं जातं.